यंत्रांचे शुद्धिपत्र

जुन्या पिढीतील चोखंदळ वाचकांची एक सवय आम्ही लहानपणी पाहिली आहे. नवा ग्रंथ हाती आला की ते प्रथम त्याचे शेवटचे पान उघडीत. तेथे ‘शुद्धिपत्र’ छापलेले असे : पृष्ठ अमुक, ओळ अमुक, अशुद्ध अमुक, शुद्ध अमुक. मग टाक-दौत घेऊन बसावयाचे, एकेक चूक मूळ जागी सुधारावयाची आणि त्यानंतरच पहिल्या पानापासून वाचनास आरंभ करावयाचा, असा त्यांचा शिरस्ता असे. छापणाऱ्याने आपली चूक प्रांजळपणे कबूल केलेली असे, हे खरे. परंतु कबुली शेवटच्या पानावर आणि चूक मधल्या पानावर. दोहोंची गाठ घालून देण्याचे काम वाचकाचेच. जो आळस करी त्याच्या पुस्तकात चूक तशीच राही.

हे आठवण्याचे कारण असे की, आज यंत्रांनाही शुद्धिपत्रे निघतात आणि ती आपल्या माळव्यातील कारखान्यांनाही लागू पडतात. धार आणि देवास ही गावे आपल्या मराठी घरांतून पवारांच्या संस्थानांची गावे म्हणून ओळखली जातात. परंतु आज या दोन्ही जिल्ह्यांची दुसरी ओळख कारखान्यांची आहे. धार जिल्ह्यातील पीथमपूर येथे १९८० नंतर मोठी औद्योगिक वसाहत उभी राहिली. १९८६ मध्ये तेथे आयशर कंपनीच्या मालमोटारी तयार होऊ लागल्या. २०२१ साली त्याच परिसरात वाहनांची कसोटी घेण्यासाठी ११.३ किलोमीटर लांबीचा वेगपथ खुला झाला. देवासला चलनी नोटा छापण्याचा सरकारी कारखाना आहे, आणि त्या जिल्ह्यातील टेकड्यांवर पवनचक्क्या फिरताना दिसतात.

काही काळापूर्वी पीथमपूर येथील एक कारखाना पाहण्याचा योग आम्हांस आला. मोठमोठी यंत्रे पाहून झाल्यावर आमची दृष्टी भिंतीवरील एका कपाटाकडे गेली. आत शब्दकोशाएवढी एक लोखंडी पेटी बसविली होती. तिला दहाबारा तारा जोडलेल्या होत्या आणि प्रत्येक तारेपाशी एक हिरवा दिवा लुकलुकत होता. कपाटाच्या दारास सुतळीने एक वही बांधलेली होती. ही पेटी म्हणजे औद्योगिक नेटवर्क स्विच, आणि ती वही म्हणजे तिच्या दुरुस्त्यांची नोंद, असे आम्हांस सांगण्यात आले. या पेटीचे काम काय, तिच्यात चुका कशा राहतात आणि त्या सुधारताना कोणती दक्षता घ्यावी लागते, हे येथे थोडक्यात सांगावयाचे आहे.

पेटीचे काम

‘स्विच’ म्हटले की आपणांस दिव्याचे बटन आठवते. हा स्विच निराळा. याचे काम टपाल कचेरीतील छाननीसारखे आहे. कारखान्यातील प्रत्येक नियंत्रक यंत्र, प्रत्येक मापक आणि प्रत्येक संगणक एकमेकांस सतत लहान लहान संदेश धाडीत असतात : भट्टीचे तापमान इतके आहे, पट्टा थांबव, झडप उघड. प्रत्येक संदेशावर पाठविणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता असतो. स्विच तो पत्ता वाचतो आणि संदेश नेमक्या त्याच तारेवर सोडतो. कोणते यंत्र कोणत्या तारेच्या टोकाशी आहे, हे तो येणाऱ्या संदेशांवरून स्वतःच शिकतो आणि त्याची यादी ठेवतो. पुष्कळ वेळ एखाद्या यंत्राकडून काहीच आले नाही, तर त्याचे नाव यादीतून गाळतो.

ज्या पद्धतीने हे संदेश धाडले जातात तिला ईथरनेट म्हणतात. ती १९७३ साली अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या संशोधनशाळेत जन्मास आली. आरंभी एका तारेवरचा संदेश सर्वांनाच ऐकू जाई. जणू एका मुलास बोलवावयाचे तर शिपायाने साऱ्या वर्गांत ओरडत फिरावे. १९९० च्या सुमारास पत्ता पाहून संदेश पोहोचविणारा ईथरनेटचा पहिला स्विच विक्रीस आला. तो तयार करणारी अमेरिकेतील कंपनी विनोद भारद्वाज या भारतीय वंशाच्या उद्योजकाने स्थापिली होती आणि तिचे नाव होते ‘कल्पना’.

कचेरीतील स्विच आणि कारखान्यातील स्विच यांचे काम एकच. पण राहणी वेगळी. कारखान्यातील स्विच धुळीत, तेलाच्या वाफेत, कंपनांत व माळव्याच्या वैशाखातील उन्हाळ्यात वर्षानुवर्षे चालावयाचा असतो. म्हणून त्यास बहुधा पंखा नसतो. लोखंडी कवचातूनच उष्णता बाहेर पडते. शिवाय असे अनेक स्विच पुष्कळदा वलयाकार जोडतात. हेतू असा की, एके ठिकाणी तार तुटली तर संदेशाने उलट बाजूने जावे. परंतु वलयात एक धोका असतो. सर्वांसाठी असलेला संदेश त्यात गोल गोल फिरत राहिला तर क्षणात संदेशांचे वादळ उठते आणि सारे काम ठप्प होते. म्हणून वलयातील एक दुवा मुद्दाम बंद ठेवलेला असतो. दुसरीकडे तार तुटली तरच तो उघडावयाचा. एकही वाट दुहेरी राहू नये म्हणून कोणते दुवे बंद ठेवावेत, हे स्विचांनी आपसांत कसे ठरवावे याची सुबक रीत रेडिया पर्लमन या विदुषीने १९८५ साली दाखवून दिली. कारखान्यांतील वलयांसाठी पुढे त्याहून जलद रीती निघाल्या. त्या सेकंदाच्या अल्पांशात वाट बदलतात.

दगड, पाटी आणि फर्मवेअर

हे सर्व शहाणपण त्या पेटीत कोठे साठविलेले असते? त्याचे नाव फर्मवेअर. लोखंड, तांबे, सिलिकॉन हे यंत्राचे शरीर. त्यास हार्डवेअर म्हणतात. संगणकात आपण घालतो व काढतो त्या आज्ञावली म्हणजे सॉफ्टवेअर. या दोहोंच्या मधली, यंत्राच्या पोटातच घट्ट बसविलेली आज्ञावली ती फर्मवेअर. हा शब्द १९६७ साली अॅशर ऑपलर या अमेरिकन लेखकाने रूढ केला.

पूर्वी अशा कित्येक आज्ञा यंत्र घडवितानाच कायमच्या कोरल्या जात. कोरण्याचा गुण व दोष धारकरांस सांगावयास नको. धार येथे १९०३ साली त्या संस्थानातील शिक्षणाधिकारी का. कृ. लेले यांना एक कोरीव शिळा आढळली. परमार राजा अर्जुनवर्मा याचा राजगुरू मदन याने तेराव्या शतकात रचलेली ‘पारिजातमंजरी’ नावाची संस्कृत नाटिका तिच्यावर कोरलेली आहे. सातशे वर्षे अक्षर टिकले, हा दगडाचा गुण. पण मूळ चार अंकांपैकी दोनच आज आपल्या हाती आहेत. उरलेल्या दोन अंकांची शिळा सापडलेली नाही आणि तिची दुसरी प्रतही नाही. शिवाय दगडावर एखादे अक्षर चुकले तर ते खोडणे कठीण. पाटीचे उलट आहे : खोडणे सोपे, पण टिकणे नाही.

यंत्रांना दगडाचा टिकाऊपणा आणि पाटीची सोय दोन्ही हवी होती. जपानमधील तोशिबा कंपनीचे फुजिओ मासुओका यांनी १९८४ साली जगापुढे मांडलेल्या ‘फ्लॅश’ स्मृतीने ती मिळाली. वीज गेली तरी तिच्यातील मजकूर राहतो, आणि मनात आणले तर पुसून नवा लिहिता येतो. स्विचचे फर्मवेअर आज अशाच स्मृतीत असते. म्हणूनच यंत्र न बदलता त्याची चूक सुधारणे शक्य झाले. मात्र पुसता येते तेथे भलतेही लिहिता येते, हे विसरून चालणार नाही.

चुका राहतात कशा?

आज्ञावलीतील चुकीस ‘बग’, म्हणजे किडा, म्हणतात. १९४७ साली अमेरिकेतील एका प्रचंड गणकयंत्रात खरोखरीचा पतंग अडकलेला सापडला आणि तेथील मंडळींनी तो वहीत चिकटवून ठेवला. शब्द मात्र त्याहून जुना. एडिसनही यंत्रातील दोषांस तो लावीत असे.

वाचक म्हणतील, कारखान्यात नीट तपासून यंत्र बाहेर पाठवावे, म्हणजे झाले. पण काही चुका तपासणीत सापडण्याजोग्या नसतात. एक उदाहरण गणिताच्या विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहावे. यंत्र सुरू झाल्यापासून किती वेळ लोटला हे मोजण्यासाठी अनेक उपकरणे सेकंदाचा हजारावा भाग हे माप घेतात आणि तो आकडा ३२ घरांत मांडतात. प्रत्येक घरात ० किंवा १ एवढेच मावते. म्हणजे एकूण ४,२९,४९,६७,२९६ निरनिराळे आकडे मांडता येतात. याचे दिवस केले तर ४९ दिवस, १७ तास, २ मिनिटे व सुमारे ४७ सेकंद होतात. त्यानंतर मोटारीच्या किलोमीटर मोजणाऱ्या चक्रासारखा आकडा पुन्हा शून्यावर येतो. ‘अमुक आकडा गेला की पुढचे काम कर’ अशी आज्ञा लिहिताना लेखकाने या शून्याचा विचार केला नसेल, तर यंत्र पन्नासाव्या दिवशी अडखळते. महिनाभर अखंड चालवून तपासले तरी ते निर्दोषच दिसेल!

ही केवळ कल्पना नव्हे. १४ सप्टेंबर २००४ रोजी अमेरिकेत दक्षिण कॅलिफोर्नियाच्या आकाशातील शेकडो विमानांशी जमिनीवरील नियंत्रकांचा संपर्क एकाएकी तुटला. तेथील आवाज जोडून देणाऱ्या यंत्रणेत नेमकी हीच ४९ दिवसांची मर्यादा होती. ती ठाऊकही होती. तोडगा म्हणून दर ३० दिवसांनी यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावे, असा नियम केला होता. त्या खेपेस ते राहून गेले. राखीव यंत्रणाही टिकली नाही. सुदैवाने विमानांची टक्कर झाली नाही. चूक माहीत असणे आणि चूक सुधारलेली असणे यांत केवढे अंतर आहे, ते या प्रसंगावरून ध्यानी येते.

दुसऱ्या प्रकारची चूक निष्काळजीपणाची. रग्डकॉम ही कॅनडातील कंपनी वीजकेंद्रे, रेल्वे इत्यादींसाठी मजबूत स्विच तयार करीत असे. त्यांच्या फर्मवेअरमध्ये कंपनीच्या सोयीसाठी एक गुप्त प्रवेशद्वार ठेवलेले होते आणि त्याचा परवलीचा शब्द त्याच स्विचच्या पत्त्यावरून गणिताने काढता येत असे. तो पत्ता तर स्विच स्वतःच दाखवीत असे. म्हणजे घराला भक्कम कुलूप लावावे आणि किल्ली उंबरठ्यावर ठेवावी, तसा हा प्रकार. एका संशोधकाने ही गोष्ट कंपनीस कळविली. सुमारे वर्षभर काही हालचाल झाली नाही, तेव्हा एप्रिल २०१२ मध्ये ती जाहीर झाली. त्यानंतर मात्र त्याच वर्षी सुधारलेले फर्मवेअर निघाले.

अशा चुकांचे परिणाम काय? कारखान्यात संदेश थांबला तर सुरक्षित रचनेची यंत्रे आपणहून थांबतात. नुकसान होते, पण माणूस वाचतो. त्याहून वाईट अवस्था अशी की, नवे संदेश येणे बंद होते आणि पडद्यावर जुनाच आकडा स्थिर राहतो. भट्टी तापत जाते आणि पाहणाऱ्यास सारे आलबेल वाटते. त्या आकड्यावर विसंबून यंत्राजवळ उभा असलेला कामगार कोणाच्या तरी घरचा कर्ता पुरुष किंवा कर्ती स्त्री असते.

शुद्धिपत्र लागू करण्याची रीत

चूक सापडली की कंपनी फर्मवेअरची नवी आवृत्ती काढते आणि सोबत यादी देते : अमुक दोष होता, तो आता काढला, अमुक अजून शिल्लक आहे. हेच यंत्राचे शुद्धिपत्र. आपल्या देशात २००४ पासून काम करणारी ‘सर्ट-इन’ ही सरकारी संस्थाही धोक्याच्या दोषांविषयी सूचना प्रसिद्ध करीत असते. यादी वाचून प्रथम हे पाहावयाचे की, यातील दोष आपल्या यंत्रास लागू आहेत काय. असल्यास पुढील पायऱ्या क्रमाने घ्याव्यात.

पहिली पायरी, प्रत राखणे. स्विचमध्ये सध्या असलेली सर्व मांडणी उतरवून निराळी ठेवावी आणि जुने फर्मवेअरही जपावे. पारिजातमंजरीच्या दुसऱ्या शिळेची कोणी प्रत करून ठेविली असती, तर तिचे उरलेले दोन अंक आज आपण वाचू शकलो असतो.

दुसरी पायरी, नवी आवृत्ती खरी आहे ना, हे पडताळणे. गुणाकार तपासण्यासाठी अंकांची बेरीज करून नवांचा पडताळा घेण्याची रीत आपण शाळेत शिकतो. त्याच जातीचा, पण कितीतरी कडक असा पडताळा येथे घेतात. नवांच्या पडताळ्यात दोन अंकांची अदलाबदल झाली तर कळत नाही. येथे एक अक्षर हलले तरी उत्तर साफ बदलते. परंतु मजकूर वाटेत बिघडला नाही एवढेच यावरून समजते; तो कोणी लिहिला हे समजत नाही. त्यासाठी कंपनीची गणिती सही असते, आणि ती जुळल्यावाचून चांगला स्विच नवे फर्मवेअर आत घेतच नाही. संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये अनेक प्रती ताडून ज्ञानेश्वरी शुद्ध केली, तेव्हा पुढे कोणी तीत आपली ओवी घालू नये असेही शेवटी बजावून ठेवले. शुद्ध केलेला पाठ पुन्हा भेसळीपासून राखावा लागतो, हे त्यांनी ओळखले होते. ही भीती आजही पोकळ नाही. २३ डिसेंबर २०१५ रोजी युक्रेनमध्ये हल्लेखोरांनी वीजकेंद्रांचा पुरवठा दुरून तोडला आणि तेथील संदेश पोहोचविणाऱ्या उपकरणांवर खोटे फर्मवेअर लिहून ती निकामी केली. सुमारे सव्वादोन लाख ग्राहक काही तास अंधारात राहिले. कर्मचाऱ्यांना केंद्रोकेंद्री जाऊन हातांनी वीज जोडावी लागली.

तिसरी पायरी, राखीव स्विचवर आधी करून पाहणे. चौथी, योग्य वेळ निवडणे : साप्ताहिक सुटी किंवा वार्षिक शटडाऊन. नवा मजकूर लिहिला जात असता वीज गेली तर पेटी निकामी होऊ शकते. म्हणून यूपीएसची जोड हवी. पुष्कळ चांगल्या स्विचमध्ये जुन्या व नव्या अशा दोन आवृत्त्यांना जागा असते. नवीने दगा दिला तर जुनीवर परतता येते.

पाचवी पायरी, एका वेळी एकच. स्विच एकापुढे एक जोडलेले असतील तर सर्वांत दूरच्यापासून आरंभ करावा. कारण जवळचा आधी बिघडला तर पुढच्यांपर्यंत जाण्याची वाटच बंद होईल. विहिरीत उतरताना वरची पायरी कोणी काढीत नाही. वलय असेल तर एक स्विच पूर्ववत चालू होऊन वलय पुन्हा सांधले गेल्याची खात्री करावी, मगच दुसऱ्यास हात लावावा. आणि शेवटची पायरी, सर्व काही वहीत लिहावे.

आळस आणि घाई

एवढ्या पायऱ्या कशासाठी, चालते आहे ते चालू द्यावे, असे पुष्कळांस वाटते. त्यात काही तथ्य नाही असे नाही. चालता कारखाना थांबविला तर नुकसान आजच दिसते. न सुधारलेल्या चुकीचे नुकसान कधी दिसेल ते सांगता येत नाही. त्यामुळे शुद्धिपत्र येते आणि पडून राहते. हा आळसाचा दोष.

उलट घाईचाही दोष आहे. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने धाडलेल्या एका सदोष सुधारणेने जगभरातील सुमारे ८५ लक्ष संगणक बंद पडले. ते फर्मवेअर नव्हते, पण धडा तोच. कंपनीने सव्वा तासाच्या आसपास ती सुधारणा मागे घेतली. तोवर ती सर्वत्र पोहोचली होती. आपल्या देशातही काही विमानतळांवर त्या दिवशी प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. थोड्यांवर करून पाहून मग सर्वांवर, हा साधा नियम पाळला असता तर अनर्थ फार आटोक्यात राहिला असता.

यास्तव खरा प्रश्न नवे घ्यावे की जुने ठेवावे हा नव्हेच. कोणत्या दोषाने कोणाचे काय बिघडेल, हे तोलून, तारीख ठरवून, प्रत राखून सुधारणा करणे हाच मार्ग. आणि ‘आज नको’ असे ठरले, तर तेही कारणासह व पुढील तारखेसह लिहून ठेवणे. कॅलिफोर्नियात मर्यादा ठाऊक होती. पण कायमची दुरुस्ती होईपर्यंत सारा भार एका माणसाच्या स्मरणावर टाकला होता.

त्या कपाटाला बांधलेली वही आम्ही परवानगी घेऊन चाळली. दर नोंदीत तारीख, जुन्या व नव्या आवृत्तीचा क्रमांक, कारण आणि सही. एका ठिकाणी लिहिले होते की, नवी आवृत्ती घातल्यावर एका यंत्राचा संपर्क सुटला, म्हणून रात्रीच जुनी परत घातली. आपण राखीव स्विचवर आधी करून पाहिले नव्हते. खाली त्याच तंत्रज्ञाची सही होती. त्याने ही ओळ लिहिली नसती तरी कोणास कळले नसते. परंतु त्यानंतरच्या प्रत्येक नोंदीत, वेगवेगळ्या हस्ताक्षरांत, आरंभीच शब्द होते : ‘राखीव स्विचवर पाहिले’.

आपणांपैकी कित्येक विद्यार्थी उद्या पीथमपूर-देवासच्या अशा कारखान्यांत काम करतील. तेथे नवनवी यंत्रे येतील आणि त्यांची नवनवी शुद्धिपत्रे येतील. यंत्राची भाषा तेव्हा शिकता येईल. परंतु शेवटचे पान आधी उघडून, चूक मूळ जागी सुधारून मग पुढे वाचण्याची सवय आजच, आपल्या गणिताच्या वहीपासून लावून घेण्यास हरकत नाही.